विंचवाचं बिऱ्हाड चाकावर

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, मग वाचा.

आमच्या आळीतला एक पोरगा कंपनीत कामाला आहे. त्याने गेल्या दिवाळीत एक जुनी व्हॅन घेतली. शाळेची मुलं ने-आण करून थकलेली गाडी. आता तो त्यात पलंग, ओटा आणि कपाट बसवतोय. बायको आणि मुलीला घेऊन कोकण किनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं, रात्री गाडीतच झोपायचं, असा बेत आहे. तयार कॅम्पर व्हॅनची किंमत त्याच्या आवाक्याबाहेर. म्हणून घरच्या घरी, आमच्याच एका जुन्या सुतारकाकांना हाताशी धरून काम चाललंय.

रविवारी बघायला गेलो. दहाबारा जण आधीच गोळा झालेले. एका आजीने त्याला सरळ विचारलं, "काय रे, घर पडलं काय तुझं? गाडीत राहायला कशाला जातोस?"

सगळे हसले. मीसुद्धा. पण प्रश्न डोक्यात राहिला. चाकावर संसार मांडला की लोकांना आधी हीच शंका येते, की याचं घर गेलं. मग हौसेने चाकावर राहणं कधी सुरू झालं? आणि नाइलाजाने राहणारे किती जण आपल्या डोळ्यांसमोरून रोज जातात?

सुतारकाका मात्र फळीला रंधा मारत शांतपणे म्हणाले, "पत्रकार, यात नवीन काय नाय. माझ्या बापाने तांडेलाच्या पेट्या केल्यात. गलबतावर पण संसारच असायचा की."

तिथून हे सगळं सुरू झालं.

नागोठणे म्हणजे आज लोकांना हायवे, रेल्वे स्टेशन आणि कंपनी एवढंच माहीत आहे. पण हे गाव मुळात बंदर. अंबा नदीत धरमतरच्या खाडीतून भरती चढायची, तिच्याबरोबर गलबतं, मचवे, पडाव वर यायचे. भरती येईपर्यंत थांबायचं, मिळाली की निघायचं. त्यात दिवस जायचे. खलाशांचं खाणं-झोपणं होडीवरच. लाकडी होडीत विस्तव पेटवायचा म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून लाकडी खोक्यात माती किंवा वाळू भरायची आणि त्यावर चूल. होडी हलली तरी निखारा बाहेर पडता कामा नये. सामानाची पेटी रुंद बुडाची, म्हणजे कलंडत नाही. तीच बसायला, तीच उशाला, तिच्यातच हिशोबाचे कागद.

एका वस्तूची तीन कामं. व्हॅनमधल्या फर्निचरचा पहिला नियम हाच आहे. आमचा पोरगा तो मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकला, काकांना तो बापाकडून मिळाला.

आता पुलाकडे चला. अंबेवरचा जुना दगडी पूल आपण सगळ्यांनी बघितलाय. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. सुमारे १५८० साली, निजामशाहीच्या काळात, चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी तो बांधला असं त्यात म्हटलंय. खर्च तीन लाख रुपये. दोन कठड्यांमधली जागा जेमतेम दहा फूट. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ज्यांनी पूल बांधला त्यांच्या डोळ्यांसमोर माणूस, बैल, घोडा आणि पालखी होती. इथून जे जायचं ते दहा फुटांत मावायला हवं.

आणि काय काय गेलं इथून! १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कमने महाबळेश्वरला साहेबांचं थंड हवेचं ठिकाण उभं केलं. तेव्हा बोर घाटात रेल्वे नव्हती, ती १८६३ ला पूर्ण झाली. मुंबईहून महाबळेश्वरला जायचा एक नेहमीचा रस्ता आपल्या गावावरून होता. बोटीने नागोठण्यापर्यंत, मग पालखीने किंवा घोड्यावर महाड, पोलादपूर आणि वर घाट. साहेब आणि मडम पालखीत. मागे हमालांच्या डोक्यावर आणि बैलांच्या पाठीवर त्यांचं घर.

त्या घराचं फर्निचर खास असायचं. इंग्रज अधिकाऱ्यांसाठी मोडून-जोडून नेता येणारं सामान बनवणारे कारखानेच होते. खणांचं मोठं कपाट दोन तुकड्यांत सुटायचं, म्हणजे बैलाच्या दोन बाजूंना एकेक तुकडा. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, आदळलं तरी लाकूड फुटू नये म्हणून. कड्या लाकडात खोल बसवलेल्या, कशात अडकू नयेत म्हणून. पलंग घडीचा, टेबलाचे पाय फिरकीचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुरकीच्या लष्करी तळावरून एक खुर्ची प्रसिद्ध झाली. तिला खिळा नाही, सरस नाही. दांड्या दांड्यांत खोचायच्या, कापड ताणायचं, बसायचं. उठलं की सगळं एका पिशवीत. जमीन उंचसखल असली तरी ती चारही पायांवर टेकते, कारण तिचे सांधे मुद्दाम थोडे सैल ठेवलेले.

हे मी काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर हाय. हलणाऱ्या वस्तूत सांधा घट्ट केलास की फाटतो."

आपल्याकडेही ही विद्या होतीच. पुण्यात फरासखाना म्हटलं की आज पोलीस स्टेशन आठवतं. पण फरासखाना म्हणजे तंबू, राहुट्या, कनाती, बिछायती ठेवण्याचं खातं. फौज निघाली की एक गावच निघायचं आणि ते रोज उठवून रोज बसवायचं. या फौजेबरोबर चालणाऱ्या हजारो साध्या माणसांना आपण काय नाव दिलं? बाजारबुणगे. पानिपताच्या गप्पांत हा शब्द आजही शिवीसारखा वापरतो. राहुटीत राहणारा सरदार आणि तिच्या मागे डोक्यावर बोचकं घेऊन चालणारा बाजारबुणगा. दोघांचंही घर फिरतंच होतं, मान मात्र एकालाच.

या पोस्टचा मुद्दा मी इथेच सांगून टाकतो. फिरतं घर आपल्याला खटकत नाही. ते कोणाचं आहे त्यावर आपण ठरवतो की हे पर्यटन, की अतिक्रमण.

जरा बाहेरच्या जगाकडे बघू. इंग्लंडमध्ये जिप्सी लोक पिढ्यानपिढ्या घोड्याच्या गाडीत राहत. आत चूल, पलंग, कपाट, सगळं हातभर जागेत. गावोगाव त्यांना हाकलायचे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त नौदल डॉक्टरने, जो मुलांसाठी गोष्टीही लिहायचा, तशीच एक गाडी ब्रिस्टलच्या कारखान्यातून आपल्यासाठी बनवून घेतली. आत महोगनीचं काम. दोन घोडे, गाडीवान, आणि पुढे रस्ता मोकळा करायला तीनचाकी सायकलवर नोकर! या गाडीतून त्याने इंग्लंड आणि स्कॉटलंड पालथं घातलं, पुस्तक लिहिलं, आणि हौसेच्या कॅरॅव्हॅनचा इतिहास तिथून मोजतात. रचना जिप्सींची, कौतुक डॉक्टरचं.

मग मोटारी आल्या. फोक्सवॅगनची व्हॅन १९५० ला बाजारात आली आणि १९५१ मध्ये वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यासाठी 'कॅम्पिंग बॉक्स' काढला. म्हणजे एक लाकडी पेटीच. आठवडाभर गाडीतून माल वाहायचा. शनिवारी पेटी आत ठेवायची, की झाला पलंग, झालं कपाट, झाली स्वयंपाकाची जागा. सोमवारी पेटी बाहेर, गाडी परत धंद्याला. महायुद्धानंतरच्या जर्मनीत सामान्य माणसाला दोन गाड्या परवडत नव्हत्या, त्यातून ही युक्ती निघाली.

याच काळात एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. आपण ज्याला टेम्पो म्हणतो, तो शब्द कुठून आला माहीत आहे? हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन या कंपनीच्या गाड्यांचं नाव टेम्पो. तिने १९४९ मध्ये मॅटाडोर नावाची छोटी मालगाडी काढली, सुरुवातीला तिला इंजिन फोक्सवॅगनचं होतं. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी याच जर्मन कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली. आधी तीनचाकी, मग मॅटाडोर. आपल्या पिढीने लग्नाची वऱ्हाडं, मुंबईहून येणारे गणपतीचे चाकरमानी, पेणच्या कारखान्यांतून निघालेल्या मूर्ती, सगळं मॅटाडोरमधून जाताना पाहिलंय. १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आली. कंपनीचं नाव २००५ ला फोर्स मोटर्स झालं. आज देशात लोक स्वतःच्या किंवा मिस्त्रीच्या हाताने ज्या कॅम्पर बनवतात, त्यातल्या कितीतरी या ट्रॅव्हलरवरच बनतात. शब्द जर्मन, गाडी पुण्याची, फर्निचर नागोठण्याचं.

आणि गाडीला घर बनवणारे मिस्त्री आपल्याकडे कधीच कमी नव्हते. वर्षानुवर्षं ट्रक घेणाऱ्याला कंपनीकडून नुसता सांगाडा आणि इंजिन मिळायचं. केबिन आणि बॉडी बांधायचे गावचे सुतार-लोहार. ड्रायव्हरच्या सीटमागे झोपायची फळी, तिच्याखाली स्टोव्ह आणि पिठाचा डबा, वर देवाचा फोटो. महिन्यातले वीस-पंचवीस दिवस माणूस त्या फळीवर काढणार. त्याला कोणी कॅम्पर म्हटलं नाही. ट्रकची केबिन एसी असली पाहिजे हा नियम लागू झाला तो १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना. बाकीचे आजही अंगावर ओला टॉवेल टाकून वडखळ ते कोलाड धूळ खातायत.

आता आपल्या रस्त्यावरचा तिसरा प्रवासी. दिवाळी झाली की आपल्या आजूबाजूच्या वाड्यांवर टेम्पो येऊन उभे राहतात. पेण, रोहा, सुधागड, सगळीकडे. कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात. आधी उचल घेतलेली असते, ती फेडायला. एका टेम्पोत पाच-सहा घरं चढतात. मी अनेकदा जवळून पाहिलंय त्या सामानात काय असतं. ताडपत्री, बांबू, दोन टोप, पत्र्याचा डबा, गोधडी, कोंबडीची पाटी, आणि त्यावर बसलेली शाळेची मुलं. पावसाळ्यापर्यंत तेच घर.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला बीडकडचे ऊसतोड कामगार हेच करतात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' म्हणून मोजतात. अनेकांचं बिऱ्हाड कारखान्याच्या टायरगाडीवर. गाडी दिवसा ऊस वाहते. रात्री तिच्याशेजारी कोपी, म्हणजे बांबू आणि ताडपत्रीची झोपडी. हंगाम संपला की कोपी सोडायची, गाडीत टाकायची, परत गाव. जर्मनीतल्या पेटीचा हिशोब इथेही तोच आहे, दिवसा धंदा आणि रात्री घर. पण तिथे पेटी शनिवारीच आत जायची, इथे शनिवार-रविवार नाहीच.

आणि कायद्याने या फिरत्या लोकांकडे कसं पाहिलं? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. ज्या जमातींची नावं यादीत, त्यांनी पोलिसांकडे हजेरी द्यायची, विचारल्याशिवाय मुक्काम हलवायचा नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती झाल्या, त्यांना लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. फिरणं हाच संशय. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा देशभर रद्द झाला, पण नजर रद्द झाली नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये भटक्या-विमुक्तांवर अहवाल दिला. त्यातलं दुखणं साधं आहे. पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही, कार्ड नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून शाळा अडते.

याच महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. चांगलं धोरण आहे, माझा विरोध नाही. फिरत्या घरात राहणाऱ्याला गाडी लावायला जागा, पाणी, वीज, शौचालय मिळावं, म्हणून कॅरॅव्हॅन पार्क उभे करायचे, असं त्यात आहे. वाचताना मला एकच वाटलं. ही यादी तर भट्टीवर चाललेल्या टेम्पोतल्या बाईचीसुद्धा आहे. ट्रक ड्रायव्हरचीही आहे. अगदी तीच. जागा, पाणी, शौचालय, दिवा.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या पोरासारख्या हौशी लोकांसाठी दोन कामाच्या गोष्टी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाप्रमाणे बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कडकपणे सांगितलंय. सीट काढून कायमचा पलंग ठोकायचा तर आधी आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवी. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार केंद्राच्या २००४ च्या यादीत आहे, तेव्हा रस्ता बंद नाही. पण आधी फर्निचर आणि मग परवानगी, असा उलटा क्रम करू नका. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघेल.

दुसरी गोष्ट वजनाची आणि विस्तवाची. आठ बाय चारची १८ मिलीमीटरची प्लायवूड शीट ३० ते ३५ किलो भरते. पाच शीट लावल्या की दोन धडधाकट माणसं कायमची गाडीत बसल्यासारखं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. काकांनी बहुतेक ठिकाणी १२ मिलीमीटर वापरलं आणि खाली शिवणीच्या हलक्या पट्ट्यांची चौकट दिली. कोकणच्या दमट हवेत भुशाच्या बोर्डाचा एका पावसाळ्यात पापड होतो, म्हणून मरीन प्लायच घ्यायचं. नुसते स्क्रू हादऱ्याने सैल होतात, नटबोल्ट आणि वॉशर हवेत. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाला साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली जाळी पाहिजेच. आणि बंद गाडीत शेगडी पेटवून झोपणं म्हणजे मरण. गलबतावरचा तांडेल वाळूच्या खोक्यात चूल का ठेवायचा, ते इथे कळतं.

पलंगाचीही गंमत झाली. गाडीची आतली रुंदी साडेपाच फूट, पोरगा पाच फूट नऊ इंच. आडवं झोपायचं तर पाय दुमडून. शेवटी पलंग लांबीत घेतला. खाली तीन पेट्या, सुट्या, उचलून बाहेर काढता येतील अशा. मी विचारलं, "काका, फिट का नाही केल्या?"

ते म्हणाले, "अंबेला पाणी आलं तर? घरातलं काय उचलता येतं तेवढंच आपलं."

बाजारपेठेत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात नदी फुगली की आपण काय करतो? फ्रीज टेबलावर, गाद्या माळ्यावर, कागदपत्रं पिशवीत. १९८९ च्या जुलैमधला पूर, वर जांभूळपाड्यात झालेला तो हाहाकार, चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. त्या रात्री पक्क्या घरांतली माणसंसुद्धा बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघाली होती. आपण काही फार स्थिर लोक नाही, मित्रांनो. नदीकाठी राहतो आणि विसरतो.

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत सगळ्यांकडे आहे. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं रुंदीकरण २०११ ला सुरू झालं. त्याच्या आश्वासनांवर आपण किती बातम्या लिहिल्या, मोजदाद नाही. आता जेव्हा कधी रस्त्याकडेच्या सोयींचा आराखडा पुढे येईल, तेव्हा नागोठण्याजवळ रात्रीच्या मुक्कामाची एक जागा मागून घ्या. चार गोष्टी हव्यात: सपाट जागा, पिण्याचं पाणी, बाईमाणसाला जाता येईल असं उजेडातलं शौचालय, आणि रात्रभर दिवा. गेटवर 'फक्त पर्यटकांसाठी' अशी पाटी नको. कॅम्पर आली तर तिने पैसे द्यावेत, ट्रकवाल्याने कमी द्यावेत, भट्टीवर जाणाऱ्या टेम्पोकडून घेऊ नयेत. हे गाव बंदर होतं तेव्हा भरतीची वाट बघत थांबलेल्या होडीला कोणी हौशी की गरजू, असं विचारत नव्हतं.

पोराची गाडी पुढच्या महिन्यात तयार होईल, आरटीओचे कागद झाले की निघेल. आजी काल परत आल्या होत्या. सगळं बघितलं, पेटीवर बसून पाहिलं. म्हणाल्या, "आम्ही लग्न होऊन आलो तेव्हा बैलगाडीत एवढंच सामान होतं. त्यातच संसार झाला."

तुमच्या घरात जुनी तांडेलाची पेटी, घडीचा पलंग, किंवा बैलगाडीतून आलेली आजीची संदूक असेल तर फोटो टाका. आणि मुक्कामाच्या जागेसाठी तुमच्या वॉर्डातल्या सदस्याला एकदा तरी विचारा. बघू काय उत्तर येतं. जे येईल ते मी इथेच लिहीन.